पडद्यावरची मांडणी कोणाच्या हातीं?

नव्या बिऱ्हाडांत राहावयास गेलेलें कुटुंब पहिल्या आठ दिवसांत एक काम न सांगतां उरकून घेतें. देवघर कोणत्या भिंतीशीं, पाण्याचा हंडा कोठें, फडताळाच्या कोणत्या खणांत चहासाखर आणि कोणत्या खणांत औषधें, हें सारें ठरतें. आणि एकदां ठरलें म्हणजे घरांतील माणसांचे हात अंधारांतहि बरोबर त्या त्या जागीं जातात. व्यक्ति तितक्या प्रकृति या न्यायानें शेजारच्या बिऱ्हाडाची मांडणी अगदीं निराळी असते, आणि त्यांत कोणासहि कांहीं वावगें वाटत नाहीं. परंतु एके दिवशीं सकाळीं उठून पाहावें, तों घरमालकानें रातोरात फडताळ हलविलें आहे, दोन खण खिळे ठोकून बंद केले आहेत, आणि 'ही मांडणी अधिक सुटसुटीत आहे' अशी चिठ्ठी दाराला लावली आहे, असें झालें तर? घराच्या बाबतींत ही कल्पना हास्यास्पद वाटेल. संगणकाच्या पडद्याच्या बाबतींत मात्र या शतकाच्या आरंभापासून असें वारंवार घडत आलें आहे. आणि त्या घडामोडींचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

संगणक सुरू केल्यावर जो पडदा समोर येतो, त्यावरील चित्रें, खिडक्या, वरची अगर खालची पट्टी या सर्वांस मिळून डेस्कटॉप, म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असें म्हणतात. पट्टी खालीं असावी कीं डाव्या बाजूस, खिडकीच्या कोपऱ्यांत कोणतीं बटणें असावींत, अक्षर केवढें असावें, लॅपटॉपचें झांकण मिटलें तर यंत्रानें झोंपावें कीं जागें राहावें, हें ठरविण्याची जी मुभा वापरणाऱ्यास दिलेली असते, तिला पर्याय म्हणतात. या पर्यायांची वाढ कशी झाली आणि पुढें छाटणी कां झाली, हाच या कथेचा विषय.

१९८४ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत 'एक्स' नांवाच्या खिडकी-व्यवस्थेचें काम सुरू झालें. रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस हे तिचे प्रमुख कर्ते. १९८७ मध्यें तिची अकरावी आवृत्ति निघाली, आणि युनिक्स घराण्यांतील संगणकांवर तीच पुढें कित्येक वर्षें नांदली. तिच्या कर्त्यांनीं एक तत्त्व प्रारंभापासून पाळलें होतें. खिडक्या काढण्याचें साधन आपण पुरवावें. त्या कशा दिसाव्या आणि कशा हलाव्या याचें धोरण वापरणाऱ्यावर लादूं नये, असें तें तत्त्व. त्यामुळें खिडक्यांचा कारभार पाहणारे स्वतंत्र प्रोग्रॅम निर्माण झाले. १९९३ मध्यें रॉबर्ट नेशन यांनीं लिहिलेला एफव्हीडब्ल्यूएम हा त्यांतील एक नामांकित प्रोग्रॅम. त्याची सारी मांडणी एका साध्या मजकुराच्या फाइलींत लिहिलेली असे. खिडकीची कड किती जाड, तिचा रंग कोणता, माउसचें मधलें बटण दाबल्यास काय व्हावें, हें एकेक ओळ लिहून ठरवावयाचें. ज्यास ती भाषा अवगत त्यास हें राज्य. ज्यास अवगत नाहीं त्यास हा तुरुंग.

या दुसऱ्या वर्गाची सोय व्हावी म्हणून दोन मोठे उद्योग निघाले. १९९६ च्या ऑक्टोबरांत जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील विद्यार्थी माथियास एट्रिश यानें केडीई या डेस्कटॉपची घोषणा केली. १९९७ च्या ऑगस्टांत मेक्सिकोचे मिगेल दि इकाझा आणि फेडेरिको मेना यांनीं जीनोम हा दुसरा डेस्कटॉप आरंभिला. केडीई ज्या पायावर उभा होता, त्या क्यूटी नांवाच्या संचाचा परवाना त्या वेळीं पूर्णपणें मुक्त नव्हता, हें जीनोमच्या जन्माचें मुख्य कारण. या दोघांचीहि मूळ लिखित संहिता, जिला सोर्स कोड म्हणतात ती, सर्वांस खुली होती. कोणीहि ती वाचावी, बदलावी आणि बदललेली प्रत वांटावी, अशी परवानगी होती. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. कथेच्या ऐन प्रसंगीं तीच कामास येणार आहे.

जीनोमची पहिली आवृत्ति १९९९ च्या मार्चांत आली, आणि तींत पर्यायांची लयलूट होती. खिडक्यांच्या कारभारासाठीं पुढें सॉफिश नांवाचा जो प्रोग्रॅम तिच्याबरोबर येऊं लागला, तो तर लिस्प भाषेंत चार ओळी लिहून हवा तसा वळवितां येई. ज्यानें त्यानें आपापला पडदा नटवावा, आणि एकाच्या पडद्यापुढें दुसऱ्यास बसविलें तर त्यास कांहीं उमगूं नये, असा तो काळ होता. मग २००१ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें, हा डेस्कटॉप आपल्या यंत्रांवर देण्याच्या हेतूनें, कांहीं माणसांस जीनोमपुढें बसवून त्याची परीक्षा घेतली. अगदीं साधीं कामें करतांनाहि तीं माणसें अडखळतात, असें त्या परीक्षेंत दिसून आलें.

छाटणीच्या बाजूचें म्हणणें सर्वांत स्पष्टपणें मांडलें तें हॅव्हॉक पेनिंग्टन यांनीं. रेड हॅट कंपनींतील हे अभियंते जीनोमच्या प्रमुख कर्त्यांपैकीं एक होते. २००२ सालच्या सुमारास लिहिलेल्या एका निबंधांत त्यांनीं असें प्रतिपादन केलें कीं, पर्याय फुकट मिळत नसतो. प्रत्येक पर्यायास किंमत पडते. पर्यायांची गर्दी झाली म्हणजे खरोखर हवा असलेला पर्याय सांपडेनासा होतो. पर्याय वाढले म्हणजे तपासणी कठीण होते. शिवाय, दोन कर्त्यांचा वाद मिटेना कीं 'ठेवा दोन्ही, वापरणारा निवडील' असें म्हणून मोकळें होण्याची खोड लागते. आणि मूळचा दोष दुरुस्त न करितां तो टाळण्याचें एक बटण तेवढें वापरणाऱ्याच्या हातीं दिलें जातें.

या म्हणण्यांत तथ्य नव्हतें असें कोण म्हणेल? साधें गणितच पाहावें. होय किंवा नाहीं असा एक पर्याय ठेवला कीं प्रोग्रॅमच्या दोन तऱ्हा होतात. दहा पर्यायांच्या १,०२४ तऱ्हा होतात. वीस पर्याय झाले कीं हा आंकडा १०,४८,५७६ वर जातो. इतक्या तऱ्हा कोणीहि तपासूं शकत नाहीं. ज्याच्या पडद्यावर प्रोग्रॅम कोलमडतो त्याची तऱ्हा बहुधा कर्त्यानें कधीं पाहिलेलीहि नसते. घरोघर निराळी मांडणी करण्याचें हें स्वातंत्र्य कोणाच्या तरी श्रमावर उभें असतें, आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या जगांत ते श्रम पुष्कळदां विनावेतन असतात.

२००२ च्या जूनमध्यें आलेल्या जीनोमच्या दुसऱ्या आवृत्तींत ही विचारसरणी उतरली. सॉफिशच्या जागीं लवकरच पेनिंग्टन यांचाच मेटासिटी हा प्रोग्रॅम आला. आपण साधे आहोंत, चमचमीत नाहीं, हें तो आपल्या माहितीपत्रकांत स्वतःच मोकळेपणानें सांगत असे. पर्यायांच्या खिडक्या लहान झाल्या. जे पर्याय काढून टाकवले नाहींत, ते जीकॉन्फ नांवाच्या एका तळघरांत ठेवण्यांत आले. एक निराळा प्रोग्रॅम चालवून, लांबलचक नांवांच्या यादींतून वाट काढून तेथें पोंचावें लागे. आरंभीं आरडाओरड झाली. परंतु दुसरी आवृत्ति स्थिर होती, नीटनेटकी होती, आणि मोठमोठ्या लिनक्स-वितरणांनीं ती स्वीकारली. छाटणीचा पहिला प्रयोग, सर्व बाजूंनीं विचार करितां, यशस्वीच म्हटला पाहिजे.

यशानें मात्र माणसाचा हात सैल सुटतो. २००४ च्या मार्चांत आलेल्या २.६ या आवृत्तींत फाइली पाहण्याच्या नॉटिलस या प्रोग्रॅमची रीत बदलली. प्रत्येक कप्पा नव्या खिडकींत उघडूं लागला, आणि चार कप्पे खालीं उतरणाऱ्याच्या पडद्यावर चार खिडक्या सांचूं लागल्या. जुनी रीत परत आणण्याची किल्ली होती, पण ती तळघरांत. मूळची रीत पुन्हां पहिल्या पसंतीची होण्यास २०१० साल उजाडलें. मध्यंतरीं, २००५ च्या डिसेंबरांत, लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनीं जीनोमवर जाहीर कोरडे ओढले आणि लोकांस केडीई वापरण्याचा सल्ला दिला. वापरणाऱ्यास अजाण समजून वागविलें तर अजाणच तेवढे शिल्लक राहतील, असा त्यांच्या टीकेचा आशय होता. २००७ मध्यें तर खिडकीच्या माथ्यावर माउसनें टिचकी मारल्यास काय व्हावें हें ठरवितां यावें म्हणून त्यांनीं स्वतः कोड लिहून जीनोमकडे पाठविला.

दैवाची थट्टा अशी कीं, केडीईचेंहि दिवाण तेवढ्यांतच उलटलें. २००८ च्या जानेवारींत त्याची चौथी आवृत्ति पायापासून नवी बांधून बाहेर पडली. आणि साध्या पट्टीची उंची बदलण्यासारख्या, तिसऱ्या आवृत्तींत सहज असलेल्या सोयीहि तींत नव्हत्या. येथें एक गोष्ट समजून घेण्याजोगी आहे. पर्याय नाहींसे होतात ते नेहमीं कोणी ठरवून काढल्यामुळेंच होतात असें नाहीं. जुना प्रोग्रॅम टाकून नवा लिहिला म्हणजे प्रत्येक जुनी सोय पुन्हां नव्यानें लिहावी लागते; आणि जी लिहिण्यास वेळ पुरला नाहीं ती आपोआपच गळते. केडीईनें पुढील आवृत्त्यांत बरेचसें परत मिळविलें. टोरवाल्ड्स मात्र तोंवर जीनोमकडे वळले होते, आणि लवकरच आगींतून फुफाट्यांत पडल्याचा अनुभव त्यांस आला.

कारण ६ एप्रिल २०११ रोजीं जीनोमची तिसरी आवृत्ति प्रसिद्ध झाली. खिडकीच्या कोपऱ्यांत वर्षानुवर्षें असलेल्या तीन बटणांपैकीं खिडकी खालीं ठेवण्याचें आणि मोठी करण्याचें अशीं दोन बटणें तींत नाहींशीं झालीं. पट्टीवर हवीं तीं छोटीं साधनें मांडण्याची सोय गेली. अक्षरें आणि रंगरूप बदलण्याचे पर्याय मुख्य जागेंतून निघून वेगळ्या मागवाव्या लागणाऱ्या एका प्रोग्रॅमांत गेले. सर्वांत नवलाची गोष्ट म्हणजे यंत्र बंद करण्याची आज्ञा यादींत दिसेना. यंत्र झोंपविण्याची आज्ञा तेवढी दिसे, आणि आल्ट ही कळ दाबून धरली कीं तिच्या जागीं बंद करण्याची आज्ञा प्रकट होई. ज्यास ही खूण कोणी सांगितली नाहीं, त्यानें दिवा मालवावयाचा कसा?

त्याच महिन्यांत उबुंटु या लोकप्रिय वितरणानें युनिटी नांवाचा आपला स्वतंत्र डेस्कटॉप पुढें केला. त्याची चित्रांची उभी पट्टी डाव्या कडेस खिळलेली होती. ती हलवितां यावी अशी मागणी आधींपासूनच आली होती. परंतु ती आमच्या योजनेंत बसत नाहीं, असें उत्तर कंपनीचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनीं दिलें. ती पट्टी खालच्या कडेस नेण्याची मुभा मिळाली ती २०१६ च्या एप्रिलांत. आणि पुढच्याच वर्षीं कंपनीनें युनिटीचा नाद सोडून दिला. पांच वर्षें अडून बसावें आणि अखेर जें द्यावें तें घर मोडण्याच्या आदल्या वर्षीं द्यावें, असा हा प्रकार झाला.

दोन लिप्यांत लिहिणाऱ्या माणसासहि या छाटणीशीं कर्तव्य होतें. मराठी मजकुरांत मधूनच इंग्रजी शब्द टंकावयाचा तर कळफलकाची लिपि क्षणोक्षणीं बदलावी लागते. जीनोमच्या दुसऱ्या आवृत्तींत त्यासाठीं एक लांबच लांब यादी होती: दोन्ही शिफ्ट कळा एकदम दाबाव्या, आल्ट आणि शिफ्ट दाबाव्या, कीं एकटी कॅप्स लॉक वापरावी, ज्याची त्यानें निवड करावी. २०१२-१३ च्या सुमारास ही व्यवस्था नव्यानें रचली गेली, आणि ती यादी मुख्य सेटिंगमधून बाहेर पडली. ज्याचे शब्द एकाच लिपींत लिहिले जातात त्यास ती यादी अडगळ वाटली तर नवल नाहीं. पण रशियनपासून मराठीपर्यंत ज्यांची बोटें दिवसांतून शेंकडों वेळां ती कळ दाबतात, त्यांच्या दृष्टीनें ती अडगळ नव्हती. ती दाराची कडी होती.

आतां आरंभीं सांगितलेली गोष्ट आठवावी. जीनोमची संहिता खुली होती. २०११ च्या जूनमध्यें अर्जेंटिनांतील एका माणसानें, जो जीनोमचा कर्ता नव्हता, वापरणाराच होता, दुसऱ्या आवृत्तीची संहिता उचलली आणि ती पुढें चालविण्याचें जाहीर केलें. दक्षिण अमेरिकेंत पितात त्या पाल्याच्या पेयावरून त्यानें तिला माते हें नांव दिलें. लिनक्स मिंट या वितरणाचे संस्थापक क्लेमां लफेव्र यांच्या मंडळींनीं मातेला आश्रय दिला; आणि जीनोमच्या तिसऱ्या आवृत्तीचीच संहिता घेऊन, तिच्यावर जुन्या वळणाची पट्टी आणि यादी बसवून, सिनॅमन नांवाचा आणखी एक डेस्कटॉप उभा केला. २०१२ मध्यें नॉटिलसमधून शेजारीशेजारी दोन कप्पे पाहण्याची सोय काढली गेली, तेव्हां त्याच मंडळींनीं नॉटिलसची जुनी प्रत घेऊन नेमो हा आपला प्रोग्रॅम केला. जीनोमच्या कर्त्यांनींहि अगदींच कानांवर हात ठेवले असें नाहीं. डिसेंबर २०११ मध्यें त्यांनीं पुरवण्या जोडण्याचें एक दालन उघडलें, आणि २०१३ च्या मार्चांत जुन्या वळणाची एक पर्यायी मांडणीहि दिली. मध्यंतरीं एक्सएफसीई या तिसऱ्याच डेस्कटॉपकडे गेलेले टोरवाल्ड्स पुरवण्यांच्या साह्यानें जीनोमकडे परतले.

मात्र जुनें घर राखणें सोपें नसतें. माते ज्या जीटीके संचाच्या दुसऱ्या आवृत्तीवर उभी होती, ती आवृत्ति म्हातारी होत चालली. तिसऱ्या आवृत्तीवर सारें घर हलविण्याचें काम मातेच्या मूठभर कर्त्यांनीं चिकाटीनें केलें, आणि तें पूर्ण झालें २०१७ सालीं. आपले पर्याय राखावयाचे तर कोणीतरी सहा वर्षें खपावें लागतें, हा त्याचा धडा. पेनिंग्टन यांनीं सांगितलेली किंमत खोटी नव्हती. ती देण्यास कोणी तयार आहे कीं नाहीं, एवढाच प्रश्न होता.

ज्या सॉफ्टवेअरची संहिता बंद असते तेथें हा प्रश्न विचारण्याचीहि सोय नसते. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस २००३ मध्यें याद्या आणि बटणांच्या ओळी वापरणाऱ्यास मनाजोग्या रचतां येत. २००७ च्या आवृत्तींत त्यांच्या जागीं रिबन ही रुंद पट्टी आली, आणि वरच्या एका चिमुकल्या ओळीवांचून तींत कांहीं हलवितां येईना. ती मुभा २०१० च्या आवृत्तींत परत मिळाली. २०१२ च्या विंडोज ८ मधून कोपऱ्यांतील स्टार्टचें बटण गेलें. तें २०१३ मध्यें परतलें, आणि त्याची जुन्या धर्तीची यादी २०१५ च्या विंडोज १० मध्यें. १९९५ पासून विंडोजची टास्कबार ही पट्टी पडद्याच्या चारहि कडांस नेतां येत होती. ५ ऑक्टोबर २०२१ रोजीं निघालेल्या विंडोज ११ मध्यें ती नव्यानें लिहिली गेली, आणि केवळ खालच्या कडेस राहिली. रुंद पडद्यावर उंची अपुरी पडते म्हणून जे वर्षानुवर्षें ती पट्टी बाजूस ठेवीत आले होते, त्यांस नव्या आवृत्तींत जागा उरली नाहीं. खिडक्यांचीं नांवें सुटीं सुटीं दाखविण्याची सोयहि त्या वेळीं गेली, ती २०२३ मध्यें परत आली. दोन वर्षें लोकांनीं काय केलें? कांहींनीं तऱ्हेतऱ्हेचे तिऱ्हाइतांचे प्रोग्रॅम जोडून काम भागविलें. बाकीच्यांनीं वाट पाहिली.

अशा छाटणीच्या समर्थनार्थ बहुधा एकच युक्तिवाद होतो: हा पर्याय फार थोडे लोक वापरतात. तो एकेका पर्यायापुरता खरा असतो, पण सर्वांची बेरीज केली कीं फसतो. समजा, दहा पर्याय आहेत आणि प्रत्येक पर्याय शंभरांतील पांचच माणसें वापरतात. हीं माणसें निरनिराळीं असलीं, तर दहाहि पर्याय काढल्यानें शंभरांतील पन्नास माणसें दुखावतात. शिवाय जो पर्याय डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्यास, डावऱ्यास किंवा हाताचीं बोटें अखडलेल्यास लागतो, तो मोजणींत नेहमीं थोड्यांचाच ठरणार.

या इतिहासावरून, पर्याय जितके अधिक तितकें चांगलें, असा निष्कर्ष काढणें चुकीचें होईल. एफव्हीडब्ल्यूएमच्या फाइलीपुढें हतबल होऊन बसलेल्या माणसास तें पटणार नाहीं. छाटणी करणाऱ्यांचा हेतु बहुधा चांगला होता, आणि त्यांच्या हातून साध्या माणसाचें पुष्कळ कल्याण झालें. परंतु माणसाचे हात जेथें सवयीनें जातात ती जागा त्यास न विचारतां हलविणें, ही लहान गोष्ट नव्हे. आणि ज्यांनीं ती लहान मानली त्यांस, कोणास दोन वर्षांनीं, कोणास पांच वर्षांनीं, माघार घ्यावी लागली. फरक राहिला तो एवढाच कीं, बंद घरांतील बिऱ्हाडकरू मालकाचें मन वळण्याची वाट पाहत बसले, आणि खुल्या घरांतील बिऱ्हाडकरूंनीं पटाशी आणि हातोडी घेऊन ठोकलेला खण उघडला. पडद्यावर कोणते पर्याय असावेत याचा निर्णय पुढेंहि अनेकदां बदलेल. तो बदलल्यावर खण पुन्हां उघडण्याचा अधिकार ज्याच्यापाशीं आहे, मांडणी खरोखर त्याच्याच हातीं आहे.